बघा, शहाणी कशी झोपली!

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे, पण खेळण्यातली नव्हे, शिकवणीतली. माझे केस कुणी कधी विंचरले नाहीत, कारण ते डोक्यावर रंगवलेलेच आहेत. माझी गोष्ट ऐकून तुम्ही हसाल. खुशाल हसा. मला मात्र ती सांगताना अजून मान वर करवत नाही. बरं, गाल पहिल्यापासूनच गुलाबी रंगवलेले, त्यामुळे लाजेनं आणखी लाल व्हायचीही सोय नाही!

कारखान्यात माझं रबराचं डोकं साच्यातून निघालं तेव्हा डोळ्यांच्या जागी नुसती दोन भोकं होती. डोळे बसवणारी बाई खिडकीपाशी बसायची. तिनं मला काचेचे डोळे बसवले, त्यांवर पापण्या लावल्या आणि मागच्या बाजूला लोखंडाचं एक छोटंसं वजन अडकवलं. मला उभं धरलं की ते वजन पुढे झुकतं आणि पापण्या उघडतात. आडवं केलं की ते मागे जातं आणि पापण्या टप्पकन मिटतात. माझी सगळी विद्या ती एवढीच.

त्या बाईनं मला आडवं करून पाहिलं. डोळे मिटले तशी ती शेजारणीला म्हणाली, "बघ गं, हिला म्हणतात झोप! माझं कार्टं एक दिवस असं झोपलं ना, तर मी हा कारखाना डोक्यावर घेऊन नाचेन."

दोघी हसल्या. मीही मनातल्या मनात फुशारले. नवी होते, स्तुती आणि उसासा यांतला फरक मला कळत नव्हता.

दुकानाच्या काचेत जाऊन बसायचं माझ्या नशिबात नव्हतं. मला एका बालसंगोपन केंद्रानं नेलं. हे केंद्र एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. भिंतीला फिकट हिरवा रंग, मधोमध एक लांब टेबल आणि भोवती कुरकुरणाऱ्या खुर्च्या. तिथं माझ्या कापडी अंगात वाळू भरली गेली, म्हणजे हातात घेतल्यावर खऱ्या तान्ह्या बाळाइतकी जड वाटावी. केंद्र चालवायच्या नर्सताई. त्यांनीच मला नाव दिलं, शहाणी. हे नाव मी पुढे किती वर्षं तोंड दाबून सहन केलं, ते माझं मला ठाऊक.

दर आठवड्याला तिथं वर्ग भरायचा. पहिलटकरणी यायच्या, लेकुरवाळ्या यायच्या, कधी एखादा बाप कोपऱ्यात अंग चोरून बसायचा. बाळाला अंघोळ कशी घालायची, दुपटं कसं बदलायचं, ढेकर कशी काढायची, सगळं ताई माझ्यावर करून दाखवायच्या. ते मला आवडायचं. खरी परीक्षा शेवटच्या धड्याला असायची. तो धडा झोपेचा.

ताईंचं सांगणं खोटं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. त्या म्हणायच्या, "संध्याकाळ झाली की घर जरा शांत करा. दिवे मंद करा. अंघोळ, दूध, मग एखादं गाणं, रोज तेच आणि त्याच क्रमानं. बाळाला घड्याळ कळत नाही, पण एकामागून एक काय येतं ते बरोबर कळतं. बाळ कान ओढायला लागलं, डोळे चोळायला लागलं, उगीच एकटक बघायला लागलं की समजा, वेळ झाली. रडून लाल होईपर्यंत थांबू नका. डोळे जड झालेत पण मिटले नाहीत, अशा वेळी पाठीवर निजवा आणि छातीवर हात ठेवा. कुरकुरलं तर हात तिथंच असू द्या, हळूहळू थोपटा. फारच रडलं तर उचला, जवळ घ्या, शांत झालं की पुन्हा निजवा. घाई करू नका."

आणि मग 'घाई करू नका' म्हणता म्हणता त्या मला गादीवर निजवायच्या. माझे डोळे टप्पकन मिटायचे.

"बघा, शहाणी कशी झोपली!"

सगळ्या जणी हसायच्या. डोळे मिटलेले असल्यामुळे मला त्यांचे चेहरे दिसत नसत. पण हसण्यामागून जे उसासे येत ते ऐकू येत. पुढे पुढे मला त्या उसाशांची भीती वाटू लागली. इतक्या बायका आपापल्या बाळाला माझ्याशी ताडून बघत होत्या आणि मनातल्या मनात नापास करत होत्या. आणि मी तिथं पडले होते, डोक्यात लोखंड घेऊन, वर्गातली पहिली!

धडा संपला की ताई एकेकीला विचारायच्या, "काय गं, तुझं कसं झोपतं?" पहिली म्हणायची, "छान झोपतं, ताई." ते ऐकून दुसरी म्हणायची, "आमचंही." मग तिसरीची काय बिशाद, वेगळं सांगायची!

अशाच एका वर्गात बेकरीवाली आली. म्हणजे ती बेकरीत कामाला होती, पाव भाजायची. बाळंतपणासाठी रजा घेऊन ती घरी होती. तिचा मुलगा आठ-नऊ महिन्यांचा. त्याचं रडणं रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं, म्हणून त्याच्या बापानं त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं. बेकरीवाली खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायची, मान कलंडली की दचकून सरळ व्हायची आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघायची.

तिची पाळी आली तेव्हा तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि मग भरभर म्हणाली, "झोपतो की, ताई. ठेवला की झोपतो. अगदी शहाणीसारखा."

"शाब्बास!" ताई खूश झाल्या. "ही बघा. सांगितलं तसं केलं, म्हणून जमलं."

झालं! त्या दिवसापासून बेकरीवाली अडकली. वर्ग सुटला की इतर जणी जिन्यात तिला गाठून विचारायच्या, "तू नेमकं काय करतेस गं?" आणि ती बिचारी ताईंचीच वाक्यं त्यांना ऐकवायची. बोलताना तिची नजर पायांतल्या चपलांवर असायची.

केंद्राची एक पद्धत होती. दर आठवड्याला मला एका घरी पाठवायचे, म्हणजे जे वर्गाला येऊ शकत नाहीत, बाप असो की आजी-आजोबा, त्यांनाही हात बसवता यावा. बेकरीवालीची पाळी आली. तिनं मला पिशवीत घातलं आणि घरी नेलं.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. नवरा रंगारी. त्याच्या कोपरांपर्यंत कुठल्या ना कुठल्या भिंतीचा रंग लागलेला असायचा. आणि भोंगा! तो खांद्यावरच झोपायचा, तेही कुणी चालत असेल तर. चालणारा थांबला की एक डोळा उघडायचा. गादीला पाठ टेकली की विंचू चावल्यासारखा किंचाळायचा. दोघं नवरा-बायको आळीपाळीनं त्या दोन खोल्यांत फेऱ्या मारत. त्यांच्या पायांखाली फरशीचा रंगसुद्धा उडाला असेल.

"हिला ठेवलं की झोपते, ह्याला ठेवलं की उठतो," रंगारी मला दुसऱ्या खांद्यावर टाकून म्हणाला. "आपण असं करू, ही ठेवून घेऊ आणि ह्याला केंद्रात परत देऊ."

"गप रे," ती म्हणाली, पण हसली. त्या घरात मी ऐकलेलं ते तिचं पहिलं हसू.

संध्याकाळी नवऱ्यानं भोंग्याला फिरवायला नेलं की ती मला समोर घेऊन बसायची. निजवायची, उचलायची, पुन्हा निजवायची. ताईंचं मनगट कसं वळतं, बोटं कुठं टेकतात, ते आठवून आठवून करायची. तिला वाटत होतं की सगळी जादू हाताची आहे. माझे डोळे मिटले की ती पुटपुटायची, "तुला जमतं, मग माझ्याच पोराला का नाही? माझ्याच हातात काहीतरी खोट आहे." मित्रांनो, त्या वेळी मला वाटायचं, जमीन दुभंगावी आणि मी तिच्यात गडप व्हावं. तिच्या हातात काही खोट नव्हती. खोट होती माझ्या झोपेत.

तिच्या जिवाला घोर लागला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. रजा संपत आली होती. बेकरीच्या मालकिणीनं बजावलं होतं की पुढच्या महिन्यात आली नाहीस तर दुसरी बाई ठेवीन. बेकरीजवळ पाळणाघर एकच, काकूंचं. काकूंचा नियम सगळ्या रस्त्याला पाठ होता, खांद्यावर झोपणारं मूल त्या घेत नसत. "पोरं ढीगभर आणि खांदे मला दोनच," असं त्या म्हणायच्या. मूल घेण्याआधी त्या स्वतः एकदा दुपारी घरी येऊन ते कसं झोपतं ते बघून जायच्या.

आणि मी त्या घरात होते त्याच आठवड्यात काकू आल्या.

भर दुपार होती. जेवणं झाल्यापासून दोघं भोंग्याच्या मागे लागली होती. पडदे ओढले, गाणं म्हटलं, छातीवर हात ठेवला, सगळं केलं. पण आईचा हातच थरथरत असेल तर बाळाला तरी स्वस्थता कुठून मिळणार! भोंगा खांद्यावर टक्क जागा होता. तेवढ्यात खालून काकूंचा आवाज आला, "कितव्या मजल्यावर गं?"

बेकरीवालीची नजर माझ्यावर पडली.

"तू ह्याला घेऊन गच्चीवर जा," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, पण..."

"जा ना! पाया पडते तुझ्या."

तो गेला. तिनं भोंग्याचं टोपरं माझ्या डोक्यावर चढवलं, मला त्याच्या गादीवर निजवलं आणि माझं कापडी अंग दिसू नये म्हणून पांघरूण पार हनुवटीपर्यंत ओढलं. माझे डोळे मिटले. इतक्या वर्षांत कितीदा मिटले असतील, पण त्या दुपारी मिटले तेव्हा मला ते फोडून टाकावेसे वाटले.

काकू दारातूनच कुजबुजल्या, "झोपला वाटतं?"

"आत्ताच. ठेवला आणि झोपला."

"गुणी गं बाई." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण एवढं पांघरूण कशाला घातलंस? सरकून नाकातोंडावर येईल ना."

त्या चवड्यांवर चालत आत आल्या. पडद्यांच्या अंधारात त्यांनी पांघरूण जरा खाली केलं आणि सवयीनं माझ्या छातीवर तळहात ठेवला. पोरं झोपली की त्या प्रत्येकाचा श्वास असाच बघत असणार. हात ठेवून त्या वाट बघत राहिल्या. हात हलला नाही. माझ्या छातीत वाळूच होती, ती कशी हलणार? त्यांनी तळहात जरा दाबला. मग त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी मला झडप घालून उचललं, आणि माझे डोळे टप्पकन उघडले.

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्याकडे बघता बघता त्या तशाच खाली फरशीवर बसल्या.

"बाहुली," त्या म्हणाल्या. "पोरी, माझा जीव गेला होता गं. मला वाटलं..."

बेकरीवाली भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदर तोंडात कोंबला होता. गच्चीवरून भोंग्यानं भोंगा वाजवला आणि पाठोपाठ रंगारी त्याला घेऊन धाडधाड जिना उतरत आला. दारात आल्यावर आत काय घडलंय ते त्याला न सांगताच कळलं. तो खाली मान घालून उभा राहिला.

"तो नाही झोपत, काकू," बेकरीवाली एकदाची बोलली. "मला नाही झोपवता येत. सगळ्यांना येतं, मलाच नाही येत."

"सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला?"

"आमच्या वर्गात सगळ्यांची झोपतात."

काकूंनी तिच्याकडे रोखून बघितलं. "तुमच्या वर्गातल्या तिघी माझ्याकडे नाव घालून गेल्या आहेत. तिघींच्या घरी जाऊन आले मी. एकीचं पोर आजोबांच्या पोटावरच झोपतं. त्या बिचाऱ्यांना खोकायचीसुद्धा चोरी. एकीच्या घरी दुपारभर रिकामा मिक्सर चालवतात. तिसरीचं तर झोपतच नाही, तीच झोपते त्याच्याआधी."

रंगाऱ्याला हसू फुटलं. बायकोकडे पाहून त्यानं ते गिळलं.

"पण त्यांनी मला खरं सांगितलं," काकू म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला. "तू खोटं सांगून पोर माझ्याकडे टाकलं असतंस, तर मी काय केलं असतं? आपोआप झोपणारं मूल म्हणून त्याला ठेवलं असतं गादीवर. तो किंचाळला असता, आणि मला वाटलं असतं, आज ह्याचं काहीतरी बिनसलंय. रोज रडवलं असतं मी त्याला. तुझ्या लाजेपायी त्यानं रडायचं?"

यावर बेकरीवाली रडली. भोंगा आईकडे बघून गप्प झाला. काकूंनी उठून तिच्या पाठीवर हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाल्या, "माझा नियम ऐकून लोक घाबरतात ते बरंच आहे. पण आधीच सगळं शिकून आलेलं मूल आजवर माझ्याकडे एकही आलेलं नाही. उद्यापासून रोज दुपारी ह्याला घेऊन ये. त्याच्या अंथरुणावरची चादर आण, तिचा वास त्याच्या ओळखीचा असतो. माझ्या खोलीत तूच निजव त्याला. आधी चालायचं थांबव, नुसती उभी राहा. ते जमलं की बस. ते जमलं की मांडीवर. मग गादीवर, हात ठेवून. मध्येच दात येतील, सर्दी होईल, सगळं केलेलं पाण्यात जाईल. पुन्हा करायचं."

जाताना त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "आणि हिला परत देताना तिथं काय सांगायचं, ते तुझं तू ठरव."

वर्गाच्या दिवशी बेकरीवालीनं मला टेबलावर ठेवलं. बाकीच्या आवरून बसायच्या आतच ती बोलू लागली, नाहीतर तिचा धीर सुटला असता. "ताई, माझा मुलगा झोपत नाही. मी खोटं बोलले. शहाणीला त्याच्या जागी झोपवून मी एकीला फसवलं." आणि तिनं सगळं सांगितलं, काकूंच्या हाताला श्वास जाणवला नाही तेही.

ताईंच्या कपाळावर आठी चढली. मला वाटलं, आता हिची धडगत नाही. तेवढ्यात कोपऱ्यातली एक जण म्हणाली, "माझी पण नाही झोपत." मग दुसरी म्हणाली, "आमच्याकडे मिक्सर लावतात." कुणीतरी खुदकन हसलं. मग एकेकीचं बाहेर यायला लागलं. वर्षानुवर्षं त्या टेबलाभोवती 'छान झोपतं' म्हणणाऱ्या बायकांचा जणू बांध फुटला होता.

ताईंनी मला उचललं आणि गादीवर निजवलं. माझे डोळे मिटले. मी त्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत पडून राहिले, पण ते आलं नाही.

"हिच्या डोक्यात लोखंड आहे," ताई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "ही झोपत नाही. मी इतकी वर्षं तुम्हाला ही दाखवत आले, आणि मग तुमच्याकडून खरं सांगण्याची अपेक्षा करत आले. मला आधी कळायला हवं होतं."

त्या दिवसानंतर झोपेच्या धड्याला मला टेबलावर ठेवलं नाही. मी फक्त अंघोळीपुरती उरले. पुढे शिवण उसवली, वाळू गळू लागली, माझ्या जागी नवी बाहुली आली. तिचे डोळे नुसते रंगवलेले होते, कायमचे उघडे. मी कपाटात गेले. तुम्हाला वाटेल, मला वाईट वाटलं असेल. खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं.

बेकरीवाली वर्गाला येत राहिली. कपाटाच्या दाराआडून मला तिचं ऐकू यायचं. "नुसती उभी राहिले तरी झोपतो आता." "मांडीवर आला, ताई." "दात आले, पुन्हा खांद्यावर गेला!" हे ती आता खणखणीत आवाजात सांगायची. बेकरीत रुजू झाली तेव्हाही भोंगा छातीवर हात असल्याशिवाय झोपत नव्हता. दुपारी काकूंचा एक हात त्याच्यापाशी अडकून पडायचा. त्या दुसऱ्या हातानं इतर पोरांची दुपटी घडी करायच्या.

मित्रांनो, तुम्हाला उपदेश करायचा मला कसला अधिकार? मी आयुष्यात एकदाही झोपलेली नाही. तरी एक विनंती करते. तुमच्या घरी किंवा शेजारी तान्हं बाळ असेल तर दार हळू लावा, दुपारी जिन्यात दणदण पळू नका. त्याची आई किंवा बाबा डोळे चोळत दारात उभे दिसले आणि 'आमचं बाळ तर कसं पटकन झोपायचं' असं त्यांना कुणी ऐकवत असेल, तर हळूच विषय बदला. त्यांच्या हातातली पिशवी घ्या. आणि बाळ झोपलं नाही, तर त्यात कुणाचीच मान खाली जायला नको, हे लक्षात ठेवा.

केंद्रातून मला काकूंच्या पाळणाघरात देऊन टाकलं. काकूंनी शिवण पुन्हा घातली, वाळूऐवजी चिंध्या भरल्या. आता मी हलकी झाले आहे. पोरं मला आडवं करतात, माझे डोळे मिटतात, ती टाळ्या पिटतात, "झोपली, झोपली!" मला अजूनही लाज वाटते.

परवा भोंगा आला. आता तो दुडूदुडू धावतो, तीन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो. त्यानं मला निजवलं, माझे डोळे मिटले, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. तो मात्र माझ्या तोंडाजवळ वाकून बराच वेळ बघत राहिला.

"नाही झोपली," तो म्हणाला. "झोप नाही आली."

आणि त्यानं मला उचलून खांद्यावर टाकलं, माझ्या पाठीवर थोपटत त्या खोलीत फेऱ्या मारायला लागला. माझे डोळे टक्क उघडे होते, आणि कुणाचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.